कुबट शेंगदाणे भाजले तर चालतील का?

प्रश्न : मला पाचवा महिना आहे. डब्यातल्या शेंगदाण्यांना कुबट वास येतोय. भाजून कूट केलं तर चालेल?

उत्तर : नको, टाकूनच द्या. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने थोडं कमी होतं, पण जात नाही. आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं. आफ्रिकेतल्या गांबियात भुईमूग रोजच्या जेवणातला. तिथल्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी ज्यांच्या रक्तात या विषाच्या खुणा जास्त आढळल्या, त्यांच्या बाळांची पहिल्या वर्षातली वाढ मंदावलेली दिसली. एखाद्या वेळी खाल्लं गेलं असेल तर घाबरू नका. धोका रोजच्या खाण्याचा. दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, कडू लागणारे काढून टाका. चांगले दाणे मात्र जरूर खा.