मतदानाची साक्ष आणि साक्षीदाराची ओळख

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



सूरह बकराची 282 वी आयत ही पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत होय. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, हा तिचा विषय आहे. मुदत ठरलेली असेल तर ती लिहावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी तपशीलवार शिकवण अल्लाहने तीत दिली आहे. तिच्या पुढच्याच आयतीत साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरविले आहे. एकमेकांना भाऊ मानणाऱ्या श्रद्धावंतांच्या समाजाला ही आज्ञा झाली, हे लक्षात घ्यावे. लेखी पुरावा मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. हक्क सुरक्षित ठेवण्याचा तो मार्ग आहे. या महिन्याच्या पाठात आपण हीच शिकवण मतदाराच्या ओळखीला लावून पाहू.

मत ही साक्ष आहे

मताच्या शरई स्वरूपाविषयी उलेमांनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली, मत ही शहादत, म्हणजे साक्ष आहे. हा उमेदवार या पदास योग्य आहे असे मतदार त्यातून सांगतो. दुसरी, मत ही शिफारस आहे; आणि चांगल्या शिफारशीत चांगला वाटा व वाईट शिफारशीत वाईट वाटा मिळतो, असा इशारा सूरह निसाच्या 85 व्या आयतीत आहे. तिसरी, मत म्हणजे वकालत होय. संपूर्ण मतदारसंघाच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपण एका माणसाकडे सोपवितो. म्हणून चुकीच्या वकिलातीचे नुकसान एका घरापुरते राहत नाही.

मत ही साक्ष असेल, तर साक्षीदार कोण हा प्रश्न ओघानेच येतो. काझीपुढे उभा राहणारा मनुष्य स्वतःचे नाव खोटे सांगत असेल, तर त्याच्या साक्षीत पुढे कितीही सत्य असले तरी ती ग्राह्य ठरत नाही. हजरत अबू बकरा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस आपण ऐकली असेल. मोठ्या पापांची गणना करताना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सावरून बसले आणि तो शब्द वारंवार उच्चारू लागले.

ओळख विचारणे हा अपमान नव्हे

मदरशात हदीस शिकणारा विद्यार्थी मजकुराआधी रावींची नावे शिकतो. एकाच नावाचे दोन रावी असतील तर त्यांना वेगळे कसे ओळखावे, लिहिताना सारखी दिसणारी पण उच्चारात भिन्न असणारी नावे कशी तपासावीत, यावर आपल्या पूर्वसूरींनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. खतीब बगदादी यांचा ‘अल्-मुत्तफिक वल्-मुफ्तरिक’ हा ग्रंथ समान नावांच्या रावींविषयीच आहे. ज्या उम्मतने नाव, पिता, गाव आणि काळ पडताळल्याशिवाय प्रेषितांचे वचनसुद्धा स्वीकारले नाही, त्या उम्मतच्या माणसाला मतदान केंद्रावर ओळखपत्र मागितल्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

आपल्या देशात ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी राहिली. एकाच व्यक्तीने दोनदा मत देऊ नये म्हणून 1962 च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून बोटाला न पुसणारी शाई लावली जाऊ लागली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या कार्यकाळात, 1993 मध्ये, मतदार छायाचित्र ओळखपत्राची योजना आली. ते ओळखपत्र हाताशी नसेल तर आधार कार्ड, पॅन कार्ड, पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड अशा पर्यायांपैकी एक दाखविता येतो. 2024 च्या निवडणुकांत असे 12 पर्याय मान्य होते. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र 2019 पासून केवळ माहितीपुरती आहे; तेवढीच दाखवून ओळख पटत नाही.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. ओळखपत्र आपण कोण आहोत हे सांगते. मतदानाचा हक्क मात्र मतदार यादीतील नावाने मिळतो. कार्ड खिशात आहे पण नाव यादीत नाही, तर मत देता येत नाही. नाव यादीत आहे आणि कार्ड हरवले आहे, तर दुसरे मान्य ओळखपत्र दाखवून मत देता येते. पुष्कळ लोक कार्ड जपतात आणि यादी पाहत नाहीत. मग मतदानाच्या दिवशी रांगेतून रिकाम्या हाताने परततात.

‘घरचेच तर मत आहे’

आता थोडे कटू बोलावे लागेल. भाऊ कुवेतला आहे, त्याचे मत वाया का घालवायचे? अब्बाजानचा इंतकाल झाला, पण नाव यादीत आहे. ते असते तर यालाच मत देणार होते. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, तेथेही नाव घातले, गावातलेही असू द्यावे. दोन्हीकडे उपयोग होईल. असे बोलणे आपल्या वस्त्यांत ऐकू येते, इतर समाजांतही येते. बोलणारा ते गुन्ह्याच्या भावनेने बोलत नाही, घरच्या सोयीच्या भावनेने बोलतो. परंतु शरीअतच्या तराजूत ही खोटी साक्षच आहे.

दुसऱ्या जिवंत वा मृत व्यक्तीच्या नावाने मत देणे, किंवा एकदा मत देऊन त्याच निवडणुकीत पुन्हा मत मागणे, याला कायदा तोतयेगिरी म्हणतो. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत असू शकत नाही, आणि एकाच मतदारसंघात दोनदाही असू शकत नाही. परदेशी असलेल्या नागरिकासाठी कायद्याने स्वतंत्र नोंदणीची सोय ठेवली आहे; मात्र मत देण्यासाठी त्याने स्वतः पासपोर्टसह केंद्रावर यावे लागते. त्याच्या वतीने भावाने जाणे तेथेही चालत नाही.

कोणी म्हणेल, एका मताने काय बिघडते? 2024 च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्य मतदारसंघाचा निकाल 162 मतांच्या फरकाने लागला, साकोलीचा 208 मतांच्या. एखाद्या गल्लीत याहून अधिक मतदार असतात. अशा ठिकाणी प्रत्येक खोटे मत कोणा एका खऱ्या मतदाराचे मत निष्फळ करते, आणि तो हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न बनतो. ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय असे ओझे उतरत नाही. हजारो अनोळखी मतदारांकडे माफी मागायला आपण कोठे जाणार? सूरह निसाच्या 135 व्या आयतीत स्वतःच्या, आई-वडिलांच्या व नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी खरी साक्ष देण्याची आज्ञा आहे. त्याच नातलगांच्या सोयीसाठी खोटी साक्ष देणे या आज्ञेच्या अगदी उलट आहे.

पर्दा आणि ओळख

आमच्या माता-भगिनींकडून हा प्रश्न नेहमी येतो. ओळख पटविण्यासाठी चेहरा दाखवावा का? साक्षीच्या व न्यायनिवाड्याच्या प्रसंगी स्त्रीचा चेहरा पाहण्यास हनफी फिक्हमध्ये परवानगी आहे. ‘हिदाया’त हा मसला स्पष्ट आहे. कोकणातील आपले बंधू ज्या शाफई फिक्हवर अमल करतात, तीतही व्यवहार व साक्ष यांसाठी ही मुभा आहे. एहरामच्या अवस्थेत नकाब न घालण्याची शिकवण हदीसमध्ये आहे, आणि हजसाठी पासपोर्टवर आपण छायाचित्र देतोच. तेव्हा साक्षीसाठी क्षणभर ओळख पटविणे पर्द्याच्या विरुद्ध नाही. पर्दानशीन स्त्रियांची छायाचित्रे मतदार यादीत नसावीत ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने 2006 मध्ये अमान्य केली होती.

मात्र मर्यादा राखली जावी, ही अपेक्षाही रास्त आहे. स्त्री मतदारांच्या साहाय्यासाठी केंद्रावर महिला कर्मचारी नेमण्याची तरतूद निवडणूक नियमांत आहे. भगिनींनी वाद न घालता, महिला कर्मचाऱ्यासमोर ओळख पटवू द्यावी अशी विनंती केंद्राध्यक्षांना करावी. पुरुषांनी बाहेर उभे राहून आवाज चढविण्याची आवश्यकता नाही.

खऱ्या मतदाराचे रक्षण

ओळखीच्या कायद्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खोट्याला अडविताना खरा माणूस अडकला, तर न्याय झाला असे म्हणता येणार नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई अशी ओळख दिली होती. त्यांची नावे यादीतून वगळावी लागली. त्या स्त्रिया खऱ्या होत्या, पण कागदावर त्यांना नाव नव्हते. आजही आपल्या घरांत शेख-शैख, मोहम्मद-मुहम्मद, माहेरचे नाव-सासरचे नाव असे घोळ असतात. ओळख अन्यथा पटत असेल तर ओळखपत्रातील किरकोळ लेखनदोष दुर्लक्षावेत असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. तरीही वेळेआधी दुरुस्ती करून घेणे शहाणपणाचे.

‘दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा’ हे इस्लामी न्यायाचे मूलतत्त्व आहे. केंद्रावर तुमच्या ओळखीवर कोणी आक्षेप घेतला, तर केंद्राध्यक्ष संक्षिप्त चौकशी करतात व आक्षेप घेणाऱ्याकडेही पुरावा मागू शकतात. तुमच्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर निराश होऊन परतू नये. ओळख पटविल्यावर तुम्हाला मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देण्याचा हक्क आहे. येथे राहत नाही असे कारण सांगून यादीतून नाव काढावयाचे असेल, तर त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते. खोटे निवेदन करून कोणाचे नाव काढायला लावणे हाही एक वर्षापर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. म्हणून अमक्या मोहल्ल्यात बोगस मतदार आहेत, अशी बातमी मोबाईलवर आली तर सूरह हुजुरातची सहावी आयत आठवावी आणि खातरजमा केल्याशिवाय ती पुढे पाठवू नये. बातमी आपल्याविषयी असो वा दुसऱ्या समाजाविषयी.

प्रत्येक घराने करावयाची कामे

1. निवडणुकीची वाट न पाहता घरातील प्रत्येक प्रौढाचे नाव, वय, पत्ता व छायाचित्र यादीत तपासावे. 1950 या क्रमांकावर वा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे चौकशी करता येते.

2. ज्या मुला-मुलींची 18 वर्षे पूर्ण झाली त्यांचा नमुना 6 भरावा. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा आता चार अर्हता तारखा आहेत.

3. मरहूम नातलगांची नावे नमुना 7 भरून स्वतः कमी करावीत. त्यांच्यासाठी दुआ करावी. त्यांच्या नावाने मत देऊ नये.

4. घर बदलले असेल किंवा नावात चूक असेल तर नमुना 8 भरावा. लग्न होऊन आलेल्या सुनेची नोंद विसरू नये.

5. शेजारच्या वृद्ध, निरक्षर वा स्थलांतरित मजुराला, तो कोणत्याही धर्माचा असो, अर्ज भरण्यास मदत करावी. त्याने मत कोणाला द्यावे हे मात्र त्याला सांगू नये.

मशिदीत उभे राहून सफ सरळ करा असे आपण रोज ऐकतो. प्रत्येकाने एकच जागा घ्यावी आणि कोणाची जागा बळकावू नये, एवढाच त्याचा अर्थ मतदानाच्या रांगेसाठी पुरेसा आहे. ज्याच्या नावापुढे आपण सही करतो ते नाव आपलेच असावे, आणि ज्याचे नाव आहे त्याला सही करण्यापासून कोणी रोखू नये.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत तिच्या हक्कदाराच्या स्वाधीन करण्याची तौफीक देवो, आपली जीभ, आपले बोट आणि आपली सही खोट्या साक्षीपासून सुरक्षित ठेवो, आणि कयामतच्या दिवशी आपल्याला खऱ्या साक्षीदारांच्या सोबत उभे करो. आमीन.