उकिरड्याचं वय

घरोघरी कोळसा जाळणाऱ्या देशाचा कचरा म्हणजे मुख्यतः राख. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमधल्या घरांतून ती रोज टोपलीभर निघायची आणि तिच्यासोबत फुटक्या बश्या, मातीचे पाइप, बाहुल्यांची चिनीमातीची डोकी, औषधांच्या आणि शाईच्या बाटल्या असं सगळंच बाहेर जायचं. 1875 चा सार्वजनिक आरोग्य कायदा आल्यावर हा कचरा उचलण्याचं काम नगरपालिकांकडे येऊ लागलं. मग गावाबाहेरच्या सोडून दिलेल्या दगडखाणी, विटांसाठी माती काढून झालेले खड्डे, ओढ्याकाठच्या सखल जागा राखेनं भरत गेल्या. राख भुसभुशीत असते, म्हणून तिच्यात पडलेली काच शंभर-सव्वाशे वर्षं तशीच राहू शकते. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते असं आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडातल्या उकिरड्यांना जरा जास्त थांबावं लागलं, इतकंच. 1970 च्या दशकात तिथे या बाटल्या खणून काढण्याचा छंद फोफावला आणि आजही शनिवार-रविवारी कुदळ-फावडं घेऊन निघणारी मंडळी आहेत.

मूळचे सोलापूरचे, पण नोकरीनिमित्त यॉर्कशरमध्ये स्थायिक झालेले आमचे एक स्नेही या नादाला लागले ते गोटी सोड्यामुळे. बार्न्सलीजवळच्या एका शेताच्या बांधाला सशांनी बिळं केली होती आणि उकरलेल्या काळ्या मातीत काचेचे तुकडे चमकत होते. एक तुकडा त्यांनी उचलला. जाड हिरवट काच आणि मानेला दोन्ही बाजूंनी दिलेला तो ओळखीचा चिमटा. लहानपणी बसस्टँडसमोर ज्या बाटलीची गोटी अंगठ्यानं आत ढकलली, तिचीच ही मान!

ही बाटली तिथलीच. हायरम कॉड या इंग्रज इंजिनिअरनं 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि पुढे बार्न्सलीच्याच रायलँड्स काचकारखान्याशी भागीदारी केली. बाटली उलटी धरून भरायची. आतल्या वायूचा दाब गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट दाबून बसवतो, बुचाची गरजच नाही. ओतताना गोटी परत तोंडाशी येऊ नये म्हणून तो चिमटा. गोटीच्या लोभानं पोरांनी इतक्या बाटल्या फोडल्या की अखंड बाटली हाती लागली तर खणणारा दिवसभर शीळ घालत हिंडतो.

स्नेह्यांनी एक गोष्ट मात्र नीट केली, आणि ती सगळ्यात आधी सांगायला हवी. त्यांनी शेतकऱ्याचं दार ठोठावलं. इंग्लंडमध्ये जमीन ज्याची, तिच्यात पुरलेला कचराही सहसा त्याचाच. विचारल्याशिवाय उचललेली बाटली ही चोरी ठरू शकते. जागा संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर नाही, हे बघावं लागतं. बीळ सशाचं आहे की बॅजरचं हेही बघावं लागतं, कारण बॅजरची बिळं उकरणं 1992 च्या कायद्यानं गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर नुसतं खुरपं चालवायचं म्हटलं तरी बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.

परवानगी मिळाली, खणणं सुरू झालं आणि आठवड्याभरात घराच्या मागच्या ओट्यावर दुकान थाटलं गेलं. जिंजर बिअरच्या दगडी बाटल्या, चौकोनी शाईच्या दौती, आणि निळ्याशार काचेची एक सहाकोनी विषाची बाटली. तिच्या अंगावर उभ्या धारा आहेत. रात्री मेणबत्तीच्या उजेडात औषध शोधणाऱ्याच्या बोटांना त्या लागाव्यात आणि त्यानं हात मागे घ्यावा, यासाठी केलेली ती सोय. कडेला ठळक अक्षरांत इशारा, पोटात घेऊ नये. तळाशी वाळलेला तपकिरी थर होता. अशा बाटलीचं बूच काढून वास घेण्याची हौस अनेकांना असते. ती करू नये. स्ट्रिक्नीन असो की आर्सेनिक, शंभर वर्षांत त्याला वैराग्य येत नाही.

आता वय ठरवायचं कसं? नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो शिवणीचा. साच्यात फुंकलेल्या बाटलीच्या दोन्ही अंगांना साच्याच्या जोडाची बारीक रेघ उठते. ती मानेवर विरून गेली, तर तोंडाची कड कारागिरानं हातानं घडवलेली. ती थेट ओठावरून पलीकडे गेली, तर बाटली यंत्राची. ओहायोतल्या टोलेडोच्या मायकेल ओवेन्स यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र 1903 मध्ये चालू झालं, म्हणजे बाटली त्यानंतरची. नियम सुटसुटीत आहे आणि तेवढाच फसवा. स्वस्तातल्या शाईच्या दौती घ्या. फुंकनळीपासून तोडल्यावर त्यांची कड तशीच खडबडीत सोडून देत, त्यामुळे शिवण अगदी टोकापर्यंत जाते आणि एकोणिसाव्या शतकातली दौत विसाव्या शतकात जाऊन बसते. उलट काही दारूच्या बाटल्या साच्यातच गोल फिरवून काढलेल्या असतात. त्यांना शिवणच नसते, म्हणून त्या फार जुन्या वाटतात.

काचेवर छापलेली तारीखही साक्षीला उभी करण्याच्या लायकीची नसते. अमेरिकेतल्या उकिरड्यांत सापडणाऱ्या मेसनच्या बरण्यांवर 30 नोव्हेंबर 1858 अशी ठसठशीत तारीख असते. ती जॉन मेसन यांच्या पेटंटची तारीख आहे; बरणी त्यानंतर कित्येक दशकांनी ओतलेली असू शकते. गोटीच्या बाटलीचं तर विचारूच नका. उत्तर प्रदेशातल्या सासनीत अजूनही ती बनते. नुसत्या आकारावरून तिला व्हिक्टोरियाच्या काळात ढकलणाऱ्याला कुणीही सोलापुरी माणूस हसेल.

म्हणून जुने खणणारे एकेका बाटलीकडे कमी आणि ढिगाकडे जास्त बघतात. त्यांचा हिशेब साधा आहे. ढीग त्यातल्या सगळ्यात तरुण वस्तूइतकाच जुना. खाली दहा गोटीच्या बाटल्या असोत, त्यांच्याच थरात एक जरी क्राउन कॉर्कचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या पत्र्याच्या दातेरी झाकणाचं तोंड निघालं, तर तो थर 1892 च्या आधीचा असूच शकत नाही. कारण बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी त्या झाकणाचं पेटंट तेव्हा घेतलं. जुन्या वस्तू उशिरा फेकल्या जातात. आजीची बाटली नातसून टाकते. नव्या वस्तू मात्र जन्माआधी फेकता येत नाहीत.

हा हिशेब वयाच्या कामाचा, तसाच जिवाच्याही. स्नेह्यांचा उकिरडा व्हिक्टोरियन होता याबद्दल त्यांना शंकाच उरली नव्हती. पण ढिगाची ओढ्याकडची बाजू त्यांनी कधी नीट पाहिली नव्हती. तिथे खणताना कुजलेल्या लाकडी खोक्याच्या फळ्या लागल्या आणि त्यात ओळीनं रचलेल्या, अर्ध्या पिंटाच्या साध्या पांढऱ्या बाटल्या. नाव नाही, ठसा नाही. गंजलेली दातेरी झाकणं. आत पिवळसर द्रव, आणि त्यात रबरासारखं काहीतरी चिकट. त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली होती, तेवढ्यात सोबतचा म्हातारा खणकरी हलक्या आवाजात म्हणाला, ‘होती तिथे ठेव. हळू. आणि माझ्यामागे चल.’

दुसऱ्या महायुद्धात जर्मन उतरले तर त्यांच्या रणगाड्यांवर फेकायला ब्रिटनच्या होम गार्डला या बाटल्या दिल्या होत्या. 76 क्रमांकाचा ग्रेनेड. आत पांढरा फॉस्फरस, बेंझीन, पाणी आणि विरघळून चिकट व्हावा म्हणून रबराचा तुकडा. बाटली फुटली की फॉस्फरस हवा लागताच आपोआप पेटतो. एका खोक्यात 24 बाटल्या. एकूण साठ लाखांहून अधिक बनल्या. त्या थंड जागी ठेवायच्या, म्हणून कित्येक ठिकाणी ओढ्याकाठी पुरल्या गेल्या आणि युद्ध संपल्यावर कुठे पुरल्या हे विसरलंही गेलं. स्नेही सांगतात, ‘झाकणाकडे मी बघितलंच नव्हतं असं नाही. 1892 नंतरची म्हणून ती मला बिनकामाची वाटली, आणि तिथेच माझं बघणं थांबलं.’ पोलिसांना फोन गेला, लष्कराचं पथक आलं, शेताचा रस्ता दिवसभर बंद राहिला. शेतकऱ्यानं पुढे चहा दिला, पण खणायला दिलं नाही.

भरलेली, झाकण शाबूत असलेली, नाव नसलेली बाटली दिसली की हात आखडता घ्यायचा, दूर व्हायचं आणि कळवायचं. ती हलवायची नाही, घरी तर अजिबात न्यायची नाही.

खड्ड्याचं भय मात्र याहून रोजचं आहे. राखेच्या काळ्या थरात बाटल्या, वरच्या पिवळ्या मातीत काहीच नाही. मग माणूस वरची माती तशीच ठेवून काळा थर आडवा पोखरत जातो. डोक्यावर छप्पर तयार होतं, आणि ते कशाच्याही आधाराशिवाय असतं. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाला ओरडायलाही श्वास पुरत नाही. अमेरिकेत कामगार-सुरक्षेचे नियम पाच फुटांपासून पुढच्या चराला भिंतींचा आधार किंवा उतार मागतात, तेही रोज खणणाऱ्यांकडून. हौशी माणसानं कमरेच्या खाली जाऊच नये आणि जायचंच तर पायऱ्या काढत, रुंद, वरून खाली जावं. आडवं पोखरणं कधीच नाही. एकट्यानं नाही. जाड हातमोजे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन याला पर्याय नाही.

उकिरडा जितका अलीकडचा, तितका तो विषारी होत जातो, हेही त्याच हिशेबाचं दुसरं टोक. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या डेड हॉर्स बे या किनाऱ्यावर 1950 च्या दशकातला भराव फुटून हजारो बाटल्या वाळूत पसरल्या होत्या. लोक पिशव्या घेऊन वेचायला जात. 2020 मध्ये तिथे रेडियमचा किरणोत्सर्ग आढळला आणि राष्ट्रीय उद्यान विभागानं तो भाग बंद केला.

घरी आणलेली बाटली लगेच गरम पाण्यात घालू नये, तडकते. गार पाण्यात रात्रभर भिजू द्यावी, मग मऊ ब्रश. काचेवर तेलासारखे रंग खेळत असतील तर ते घासून काढायचा प्रयत्न व्यर्थ. ओल्या मातीत काचेतला क्षार झिरपून गेल्यानं तिचा पृष्ठभागच पापुद्र्यांचा झालेला असतो. प्रत्येक बाटलीसोबत ती कुठल्या थरात, कशाशेजारी मिळाली याची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठी नसेल तर बाटली नुसती शोभेची उरते.

हे वाचून कुणी गावाबाहेरच्या पांढरीत कुदळ घेऊन जाणार असेल, तर दोन गोष्टी. आपल्याकडे अखंड बाटली उकिरड्यापर्यंत पोचणं अवघड. वाटेत भंगारवाला उभा असतो. आणि कायदाही वेगळा आहे. 1972 च्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तर 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडवलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचा ऐवज सापडला, तर त्याप्रमाणे कलेक्टरांना लेखी कळवावं लागतं. ती दहा रुपयांची मर्यादा अजून कुणी वाढवलेली नाही.