पावलाच्या पुनर्वसनात हवेच्या स्प्लिंटचा सुरक्षित वापर

पक्षाघातानंतर अनेक रुग्णांचे पाऊल घोट्यातून खाली झुकते, टाच जमिनीस टेकत नाही. पोटरीचे स्नायू आखडत गेल्यास पुढे उभे राहणेही दुष्कर होते. अशा वेळी पाऊल काटकोनात धरून व्यायाम देण्यासाठी हवेचा स्प्लिंट वापरतात. हा दुहेरी थराचा, चेन असलेला पारदर्शक प्लास्टिकचा मोजा होय. स्कॉटलंडच्या फिजिओथेरपिस्ट मार्गारेट जॉन्स्टन यांनी 1970 च्या दशकात पक्षाघाताच्या रुग्णांसाठी त्याचा पद्धतशीर वापर रूढ केला. हाड मोडल्यावर प्रथमोपचारात बांधतात तो स्प्लिंट असाच दिसतो, परंतु त्याचे काम निराळे. म्हणून एकाच्या जागी दुसरा वापरू नये.

हा स्प्लिंट तोंडाने फुंकून भरावयाचा असतो. श्वासाच्या उबेने प्लास्टिक मऊ होऊन पायाच्या आकारात बसते. पंपाने मात्र दाब नकळत वाढतो. दाबाची कमाल मर्यादा पाऱ्याचे 40 मिलिमीटर, म्हणजे रक्तदाबाचा खालचा आकडा 80 धरल्यास त्याच्या निम्मी. अधिक दाब टिकून राहिला तर त्वचेचा रक्तपुरवठा कमी पडू लागतो.

येथे जामनेरच्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. थंड प्रदेशात फुंकलेली हवा खोलीत निवते आणि दाब थोडा उतरतो. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालची खोली श्वासाहून अधिक तापलेली असते. कोंडलेली हवा 5 अंशांनी तापली आणि प्लास्टिक मुळीच ताणले गेले नाही असे धरले, तर दाब सुमारे 12 मिलिमीटरने वाढतो. 40 चे 52 होतात! तेव्हा शेंदुर्णी-पहूरकडे घरी व्यायाम देणाऱ्या कुटुंबांनी सकाळची वेळ निवडावी, स्प्लिंट उन्हात ठेवू नये आणि दाब मध्येच पुन्हा मोजावा.

पायावर प्रथम सुती मोजा चढवावा, त्यास सुरकुती नसावी. टाच पूर्ण मागे बसवून, पाऊल काटकोनात हाताने धरूनच हवा भरावी. अन्यथा फुगणारा स्प्लिंटच पाऊल खाली ढकलतो. वेळ थेरपिस्ट ठरवतील तेवढीच, आणि एका तासाहून अधिक कधीही नाही. दर 5 मिनिटांनी बोटांचा रंग पाहावा. बोटे पांढरी वा निळसर दिसली, मुंग्या आल्या, तर वाट न पाहता झडप उघडावी. काढल्यानंतरची लाली अर्ध्या तासात मावळली पाहिजे.

मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाची आम्हांस विशेष काळजी वाटते, कारण रुग्ण ‘दुखत नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. तेथे नातेवाइकांचे डोळे हीच संवेदना. पावलावर जखम, पोटरीत एकाएकी आलेली सूज व वेदना, रक्तवाहिनीत गुठळीची शंका किंवा पायाचा रक्तपुरवठा मुळातच कमी असल्यास डॉक्टरांच्या संमतीविना स्प्लिंट लावू नये.

स्प्लिंटसाठी देणगी देऊ इच्छिणाऱ्या दात्यांना एक विनंती: त्यासोबत दाबमापकही द्यावा.