अर्धी गोण कुठे लिहायची? (गोडाऊनचं सॉफ्टवेअर निवडताना)

माझं गाव गागोदे बुद्रुक, तालुका पेण. "म्हणजे विनोबांचं गाव ना?" असं हॉस्टेलवर एखादाच विचारतो. बाकीच्यांना सांगावं लागतं की विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे जन्मले. तर मित्रांनो, याच गावात आमच्या आजीकडे एक वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टिम होती! ओटीच्या आत शेणाने सारवलेली भाताची कणगी, बाजूला पेंढ्यात बांधलेले बियाण्याचे मुडे. जुना तांदूळ आधी संपवायचा, नवा मुरू द्यायचा. बियाण्याच्या मुड्याला घरात कितीही पाहुणे आले तरी हात लावायचा नाही. शेजारी उसनं दिलं की भिंतीवर कोळशाने रेघ. यातल्या पहिल्याला फिफो आणि दुसऱ्याला ब्लॉक्ड स्टॉक म्हणतात, हे मला थेट सातव्या सेमिस्टरला कळलं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी रायगडातल्याच एका कंपनीत होतो. नाव लिहीत नाही. रंगांसाठी लागणारा कच्चा माल, २५ किलोच्या गोण्या. कंपनीचं ईआरपी जुनं झालं होतं, नवी आवृत्ती यायची होती, आणि त्याबरोबर गोडाऊनचं सॉफ्टवेअरही बदलायचं होतं. कोणतं घ्यायचं, याची तुलना करणं हे माझं काम.

आधी फरक समजून घेऊ. आपल्या मेसचं स्टोअर डोळ्यांसमोर आणा. ईआरपी सांगतं, "तूरडाळ तीन गोणी, किंमत अमुक." वेअरहाऊस सिस्टिम सांगते, "आतल्या खोलीत डावीकडच्या फळीवर, दोन गोणी मागच्या महिन्यातल्या, एक कालची, आणि आज आधी मागच्या महिन्यातली फोडा." एकाला किती ते माहीत, दुसरीला कुठे ते माहीत. दोघांचा आकडा जुळला नाही की भांडण सुरू.

मग चालू असलेलं बदलायचं कशाला? बऱ्याचदा कंपनीच्या मनात नसतानाही बदलावं लागतं. सॅपचंच उदाहरण घ्या. त्यांच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेरपर्यंत ठरवलेला आहे. नव्या एस/४ हानामध्ये जुनं वेअरहाऊस मोड्यूल वापरायला मुळात २०२५ अखेरचीच मुदत दिली होती. त्यापुढे वाटा तीन. गरज साधी असेल तर स्टॉक रूम मॅनेजमेंट, म्हणजे जुन्याचंच थोडं छाटलेलं रूप. मोठं काम असेल तर ईडब्ल्यूएम, जे ईआरपीच्या आतही बसतं आणि वेगळ्या सर्व्हरवरही चालतं. किंवा तिसऱ्याच कंपनीची स्वतंत्र सिस्टिम आणून मध्ये इंटरफेसचा पूल बांधायचा. पूल म्हटला की तो पडला तर काय, हा प्रश्न आलाच. निरोप अर्ध्यात अडकला तर माल गाडीत चढलेला असतो आणि ईआरपीत तो अजून फळीवरच असतो.

मी जोशात एक्सेलमध्ये ११२ मुद्द्यांची यादी केली. बारकोड आहे का, रिपोर्ट किती, मोबाईलवर चालतं का. ऑफिसातल्या सगळ्यांना विचारलं. जुन्या सॉफ्टवेअरचा प्रत्येक स्क्रीन बघून लिहून घेतला. गाईड सर खूश, मी त्याहून खूश.

यादी व्हेंडरकडे जायच्या दोन दिवस आधी मी गोडाऊनमध्ये चहाला बसलो होतो. स्टोअरकीपर काका ड्रॉवरमधून एक लांबट वही काढून काहीतरी लिहीत होते.

"काका, हे काय?"

"मोकळा माल. कॉम्प्युटरात नाही मावत तो."

मी बघतच राहिलो. प्लांटला ४० किलो हवे असतील तर काका दोन गोण्या फोडायचे. कॉम्प्युटर दोन्ही गोण्या वजा करायचा, पण १० किलो उरलेले असायचे. पुन्हा ४० मागितले की ते १०, एक पूर्ण गोण आणि नव्या गोणीतले ५, उरले २०. ही सगळी गणितं वहीत. म्हणजे गोडाऊनचा खरा स्टॉक सर्व्हरवर नव्हताच, काकांच्या ड्रॉवरमध्ये होता. आणि काका पुढच्या वर्षी रिटायर होणार होते.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"अरे बाबा, तू विचारलंस का? तू विचारलंस कॉम्प्युटर काय करतो. तो काय करत नाही, ते कुठे विचारलंस?"

बरोबरच होतं. जुन्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवरून यादी केली की जुन्याच्या उणिवा यादीत येतच नाहीत. त्या कागदाच्या चिठ्ठीवर, पाठीमागच्या खोलीत, कोणाच्या तरी डोक्यात असतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत हर्शी या चॉकलेट कंपनीने जुलै १९९९मध्ये ईआरपी आणि त्याच्या जोडीची सॉफ्टवेअर्स एकदम सुरू केली. हॅलोविनच्या सणाला सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर जाऊ शकल्या नाहीत. गंमत म्हणजे माल होता! सीझनच्या गर्दीत जास्तीचा माल इकडेतिकडे तात्पुरत्या जागी ठेवायची तिथे सवय होती, आणि त्या जागा नव्या सिस्टिममध्ये नोंदवलेल्याच नव्हत्या. कारणं आणखीही होती, पण हे वाचल्यावर मला काकांची वहीच दिसली. फॉक्समायर या औषध वितरकाची गोष्ट याहून वाईट. जुना मेनफ्रेम रात्रीत ४ लाख २० हजार ऑर्डरी उरकायचा, नवी प्रणाली सुरुवातीला १० हजारांवर अडली. त्यात गोदामं बंद होणार म्हणून कामगार चिडलेले, मालाची नासधूस झाली. १९९६मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. सारा दोष सॉफ्टवेअरचा होता असं मी म्हणणार नाही. पण निवडताना गोडाऊनमधल्या माणसांना धरायचं नाही हे सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलेलं नसतं.

मी यादी थांबवायची विनंती केली. थोडी बोलणी खाल्ली. मग ११२ मुद्दे बाजूला ठेवून आम्ही व्हेंडरना काकांच्या वहीतला एक अख्खा दिवस दिला, तोही जुलैतला. मुसळधार पाऊस, दोन तास लाईट नाही, एक गोण ओली होऊन परत आलेली, तीन गाड्या दारात. म्हटलं, डेमो तुमच्या डेटावर नको, यावर दाखवा. (आपल्या डेटावर सगळ्यांचाच डेमो सुंदर चालतो, आपल्या मिनी प्रोजेक्टसारखा.)

दिसायला सर्वांत देखणी होती ती स्वतंत्र सिस्टिम फुटलेल्या गोणीपाशी अडखळली. "कस्टमायझेशन करून देऊ" म्हणाले. ईआरपीच्या आत बसणारी रूक्ष होती, पण तिच्यात हँडलिंग युनिट नावाची सोय होती: फोडलेल्या गोणीला स्वतःचा नंबर, स्वतःचं लेबल, आतलं वजन आणि मूळ बॅच. शिवाय ओल्या गोणीला लावलेलं क्वालिटीचं कुलूप ईआरपीला त्याच क्षणी दिसत होतं, मध्ये पूल नाही. कंपनीने तीच घेतली. लाईट गेल्यावर मात्र तीही बसलीच. त्यासाठी छापील पिक लिस्ट आणि नंतर नोंद, ही जुनीच पद्धत ठेवावी लागली. फळीजवळ वजनकाटा आणि लेबल प्रिंटर लागणार होता, तो खर्च कोणाच्याच कोटेशनमध्ये नव्हता.

सुरू करण्याआधीच्या रविवारी पूर्ण मोजणी झाली. फुटलेली प्रत्येक गोण काट्यावर चढवली, काका वही वाचत होते, मी लेबलं चिकटवत होतो. तीन गोण्यांचं वजन वहीशी जुळलं नाही. काकांनी त्या पुन्हा चढवायला लावल्या, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "काट्याचं लिही."