पचन, यकृत आणि पेटंट औषधे

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अहोरात्र चालणाऱ्या अशा कारखान्यात कामगाराची पाळी बदलते आणि तिच्याबरोबर जेवणाची व झोपेची वेळही बदलते. अपचन, आंबट ढेकर, मलावरोध या तक्रारी अशा जीवनात सहज उद्भवतात. त्यांवरील बाटल्या, गोळ्या व चूर्णे दुकानात तयारच असतात. आणि पुष्कळदा त्यांवर ‘यकृतास बलदायक’ असेही छापलेले असते. या औषधांनी शरीरात नेमके काय घडते?

प्रथम नावाचा विचार करू. पेटंट मिळवावयाचे तर कृती उघड करावी लागते. जुन्या ‘पेटंट’ औषधांचे मालक मात्र ती गुप्त ठेवीत. त्यांना संरक्षण हवे असे ते केवळ नावाला व वेष्टनाला.

पोटासाठी घ्यावयाच्या फसफसणाऱ्या चूर्णात बहुधा खाण्याचा सोडा व एखादे सौम्य अम्ल असते. पाण्यात मिसळताच कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. उरलेला सोडा जठरातील अम्लाचे उदासिनीकरण करतो व जळजळ थांबते. हा आराम खरा असतो, पण अल्पकाळाचा. जठरात व्रण असेल तर तो तसाच राहतो. वॉरेन व मार्शल यांनी १९८२ साली दाखविलेला जिवाणू अशा अनेक व्रणांच्या मुळाशी असतो. तो सोड्याने मरत नाही.

यकृताची गोष्ट याहून निराळी आहे. जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडल्या म्हणजे पिवळे रंजक तयार होते. यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम अडले म्हणजे डोळे पिवळे होतात. कावीळ हे लक्षण होय. रोग त्यामागे असतो. ‘ए’ व ‘ई’ विषाणूंमुळे होणारी कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. दुसऱ्या आठवड्यात बाटली सुरू केली आणि पाचव्या आठवड्यात डोळे निवळले, तर श्रेय बाटलीला मिळते. परंतु बाटली न घेतलेला शेजारीही त्याच सुमारास बरा झालेला असतो. औषध घेणारे व न घेणारे अशा दोन सारख्या गटांची तुलना केल्यावाचून गुण कोणाचा हे ठरत नाही.

या गैरसमजाची किंमत मोठी असते. डिसेंबर १९५५ पासून दिल्लीत काविळीची साथ पसरली व सुमारे २९,००० लोक आजारी पडले. यमुनेचा प्रवाह बदलून शहराचे सांडपाणी पाणी उचलण्याच्या जागी पोहोचले होते. आज ती ‘ई’ विषाणूची साथ मानली जाते. तिचा खरा उपाय शुद्ध पाण्यात होता.

अमेरिकेत ‘कार्टर्स लिटल लिव्हर पिल्स’ नावाच्या गोळ्या अनेक दशके खपल्या. त्या प्रत्यक्षात रेचक होत्या. संघीय व्यापार आयोगाने १९५१ साली यकृताविषयीच्या दाव्यास मनाई केली. १९५९ साली न्यायालयाने ती उचलून धरली व नावातील ‘लिव्हर’ शब्द गळाला. भारतात आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्ध १९५४ साली कायदा झाला. पुढे औषधविषयक नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत कावीळ व यकृतविकार यांचा समावेश झाला. त्या अनुसूचीतील रोग बरे करण्याचा दावा औषधाच्या वेष्टनावर करता येत नाही.

म्हणून बाटली घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटक वाचावेत. काही टॉनिकांत मद्यार्क असतो, आणि आजारी यकृताला तो घातक आहे. वनस्पतिजन्य औषध निर्धोकच असते, हीही समजूत चुकीची होय. कावीळ झाल्यास रक्ततपासणी करून कारण शोधावे व पाणी उकळून प्यावे. रुग्णास गुंगी येत असेल, तो असंबद्ध बोलत असेल वा रक्तस्राव होत असेल, तर त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. गर्भवती स्त्रीस कावीळ झाल्यास एक दिवसही थांबू नये. ‘ई’ विषाणूची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते, आणि बाटलीच्या भरवशावर गेलेले दिवस परत मिळत नाहीत.