काजूचं झाड आणि घरातलं मांजर

परिसर अभ्यासात झाडांचा पाठ आला की कोकणातल्या वर्गात एखादं मूल विचारतंच, "बाई, आमची मनी काजूवर चढते. तिला काही होईल का?"

नुसतं चढल्याने किंवा सावलीत झोपल्याने सहसा काही होत नाही. जपायचं ते कच्च्या बीच्या टरफलाला. त्यात तेलकट, दाहक चीक असतो. कातडीला लागला तर भाजल्यासारखे फोड येतात. ओले काजूगर काढणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख लावतात ती त्यासाठीच. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, हे मुलांना जरूर सांगा. बिब्बा उतणं म्हणजे काय ते घरी आजीला विचारून येऊ द्या!

माणूस हात धुतो, मांजर अंग चाटतं. म्हणजे केसांवरचा चीक थेट जिभेवर. तेव्हा बिया वाळत घातल्या असतील तिथे त्याला लोळू देऊ नका. चीक लागलाच तर हातमोजे घालून कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. लाळ गळली, तोंड सुजलं, उलटी झाली तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. बिया भाजतानाचा धूरही झोंबतो. तेव्हा मांजर आणि मूल, दोघंही लांबच बरी.

भाजलेला गर विषारी नाही, पण त्यात जवळपास 45 टक्के स्निग्धांश असतो. खारवलेला तर नकोच. बोंडूंची काळजी नको. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे ते सहसा त्यांच्याकडे फिरकत नाही.