श्वासाला फळाचा वास

साखर हे आपल्या शरीराचं सरपण आहे. पण शरीरात इन्सुलिन नसलं, तर ही साखर रक्तातच पडून राहते. मग शरीर चरबी जाळू लागतं. ओलं लाकूड जाळलं की धूर होतो ना? तशी चरबी जळून रक्तात आम्ल साठतं. याला कीटोअॅसिडोसिस म्हणतात.

ते ओळखायचं कसं? तहान भागत नाही. लघवी सारखी होते. ओकाऱ्या होतात, पोट दुखतं. श्वास खोल आणि भराभर चालतो. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. शेवटी माणूस गुंगीत जातो.

ही बाहेरची बाधा नव्हे. अंगारा लावत बसू नका. १०८ ला फोन करा. मधुमेह आहे हे आधी माहीत नसलं, तरी दवाखान्यात सांगा, "रक्तातली साखर आणि कीटोन तपासा."

घरात मधुमेही असेल, तर एक ध्यानात ठेवा. आजारपणात पोर जेवत नाही म्हणून इन्सुलिनची सुई आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारावं.

इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा १९२२ साली दिलं गेलं. त्याआधी यावर इलाजच नव्हता. आज आहे, पण तो वेळेवर मिळायला हवा.